कुलूप आपलं, दुसरी किल्ली सरकारजवळ. चालेल?

उंबरठा

परवा ऑफिसात दोघांचं चांगलंच जुंपलं आणि मी मध्ये पडून दोघांचाही शत्रू झालो. म्हणून तोच वाद इथे आणतोय. इथले शत्रू निदान आधीपासूनचे आहेत.

न्यायालयाचा आदेश असेल तर पोलीस घराची झडती घेतात, कपाट उघडायला लावतात, लॉकर फोडतात, पत्रंही वाचतात. हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. मग फोनमधले मेसेजच तेवढे सोवळ्यात का? एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच न वाचता येणारं कुलूप) म्हटलं की कंपनी हात वर करते, "आमच्याकडेच किल्ली नाही हो!" म्हणजे कुठल्याही न्यायाधीशाच्या सहीने न उघडणारं कपाट आता खिशाखिशात आहे. आणि ते बनवायचं हे ठरवलं कोणी? आपण निवडून दिलेल्या कोणीही नाही. मोजक्या कंपन्यांनी.

अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनोचा हल्ला आठवत असेल. २ डिसेंबर २०१५, १४ जण मारले गेले. हल्लेखोराचा आयफोन एफबीआय या तिथल्या तपास संस्थेच्या टेबलावर पडलेला, पण दहा वेळा पासकोड चुकला तर आतलं सगळं पुसलं जाण्याची भीती. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने मदत करा म्हणून आदेश दिला, आणि अ‍ॅपलने चक्क नाही म्हटलं. मला ते आजही पटलेलं नाही.

माझा प्रस्ताव असा: प्रत्येक सेवेची एक जादा किल्ली असावी, ती सरकारकडे नव्हे तर न्यायालयाकडे. आदेश निघाल्याशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही. यात नक्की काय चुकतंय? 'हुकूमशाही आली' वगैरे घोषणा नकोत, कारणं द्या.

टिंबटिंब

रुमाल टाकून ठेवतोय.

बीजगणित_नापास

कारण देतो. (पोट याच धंद्यावर चालतं, तेव्हा पूर्वग्रह आहे असं आधीच धरून चाला.)

तुमची कपाटाची उपमा सरळ वाटते, पण एका ठिकाणी लंगडते. कपाट फोडलं की एक कपाट फुटतं. जादा किल्ली ठेवायची तर सगळ्यांची कुलपं मुळातच वेगळी घडवावी लागतात. एन्ड-टू-एन्डमध्ये किल्ल्या दोन्ही टोकांच्या फोनमध्येच तयार होतात आणि मधला सर्व्हर फक्त बंद पाकिटं इकडून तिकडे पोचवतो. तिसरी किल्ली हवी म्हणजे प्रत्येक मेसेजसोबत 'हा असा उघडा' ही चिठ्ठी कायमची जोडायची. ज्याच्यावर कसलाही संशय नाही, त्याच्याही मेसेजला.

हे करून पाहिलेलं आहे. १९९३ मध्ये क्लिंटन सरकारने फोनवरचं बोलणं कुलूपबंद करणारी 'क्लिपर' नावाची चिप आणली. कल्पना जवळपास तुमचीच: प्रत्येक चिपची किल्ली दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या सरकारी खात्यांकडे, आदेश आला की तुकडे जोडायचे. प्रत्येक संभाषणाबरोबर सरकारसाठी एक चिठ्ठी जायची आणि ती खरी असल्याची खूण म्हणून तिला १६ बिटांचा चेकसम होता. १६ बिट म्हणजे फक्त ६५,५३६ शक्यता. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिलं की खूण जुळेपर्यंत खोट्या चिठ्ठ्या बनवत राहायचं. समोरची चिप ती खरी मानते आणि सरकारच्या हाती येतो निव्वळ कचरा. म्हणजे साध्या माणसाचं बोलणं सरकारला उघडं आणि चलाख गुन्हेगाराचं बंद. दोनेक वर्षांत प्रकल्प गुंडाळला.

भोचक_भवानी

आमच्या घरात न्यायालयाच्या आदेशाशिवाय पाळत ठेवणारी यंत्रणा माझ्या लग्नापासून कार्यरत आहे. काल रात्री २ वाजून १० मिनिटांनी मी ऑनलाइन का होते याचा खुलासा सकाळी सासूबाईंना द्यावा लागला. एन्क्रिप्शन कितीही बिटांचं असू दे, 'लास्ट सीन' बंद करायला विसरलात की संपलं.

खाकी_निवृत्त

भवानीताई, तुम्ही गंमत केलीत, पण तपास निम्मा त्यावरच चालतो. मजकूर नसला तरी कोण, कुठे, कधी एवढं कळलं तरी पुष्कळ.

मी सायबर शाखेतून निवृत्त झालो. एक प्रसंग सांगतो. गाव-साल विचारू नका.

सतरा वर्षांची मुलगी घरातून गेली. फोन घरातच ठेवून गेली, तो पॅटर्नने लॉक केलेला. आई-बापाला पॅटर्न ठाऊक नाही. फॉरेन्सिककडे पाठवायचा तर रांग काही आठवड्यांची. मी तो फोन टेबललॅम्पखाली तिरपा धरला. काचेवर बोटांच्या तेलकट रेघा दिसत होत्या, आडव्या-उभ्या, एकमेकींवर चढलेल्या. स्क्रोल करताना उठलेल्या उभ्या रेघा वेगळ्या काढल्या. राहिला एक कोन आणि एक तिरकी रेघ. सुरुवात कुठून, शेवट कुठे, हे काच सांगत नाही. शेजारी तिची आई उभी होती. चार वेळा चुकलो. पाचव्यांदा उघडला. त्यातल्या चॅटवरून पत्ता लागला आणि मुलगी दुसऱ्या दिवशी सुखरूप मिळाली.

तुम्ही मंडळी गणित सांगता, ते बरोबरच असणार. पण तिच्या आईला मी १६ बिट समजावून सांगू शकत नव्हतो. एखादीचा जीव काचेवरच्या तेलाच्या डागावर अवलंबून असावा का, एवढाच माझा प्रश्न आहे.

रानवाट

वाचून काटा आला.

तर्कटराव

खाकीसाहेब, सलाम. पण तुमचा प्रसंग धाग्याच्या उलट बाजूने साक्ष देतो असं नाही वाटत? एक फोन, तो तुमच्या हातात, एक गुन्हा, एक अधिकारी घाम गाळतोय. अशा तपासाला कोणाचाच विरोध नाही. विरोध आहे तो टेबलाशी बसून लाखो फोन एकदम उघडण्याच्या सोयीला.

आणि उंबरठा, तुम्ही सॅन बर्नार्डिनोची अर्धीच गोष्ट सांगितलीत. तो फोन त्या माणसाचा खाजगी नव्हताच, तो काम करत होता त्या काउंटी प्रशासनाच्या मालकीचा होता. हल्ल्यानंतर एफबीआयशी बोलूनच त्याच्या आयक्लाउडचा (अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीचा) पासवर्ड रीसेट केला गेला, आणि त्यामुळे ओळखीच्या वायफायवर फोन नेऊन आपोआप बॅकअप घेण्याची वाटच बुजली. पुढे २८ मार्च २०१६ रोजी सरकारने खटला मागे घेतला. का? तर त्रयस्थ मंडळींनी फोन उघडून दिला होता. २०१८ मध्ये न्याय विभागाच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला, त्यातून दिसलं की एफबीआयच्या एका तुकडीकडे काय साधन येऊ घातलंय हे दुसऱ्या तुकडीने वेळेवर विचारलंच नव्हतं. जगासमोर 'आमच्यापुढे दुसरा मार्ग नाही' आणि स्वतःच्या घरात शेजारच्या खोलीत डोकावलेलं नाही!

उंबरठा

@तर्कटराव, आयक्लाउडचं ठाऊक नव्हतं. मान्य.

पण तुमचा पर्याय काय? पैसे मोजून बाहेरच्यांकडून फोन फोडून घ्यायचे? ते श्रीमंत यंत्रणांना परवडेल, खाकीसाहेबांच्या शाखेला नाही. शिवाय फोडणाऱ्याला फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी भोक सापडलेलं असतं. ते भोक कंपनीला कळवलं तर बुजेल, म्हणून लपवून ठेवायचं. मग तुमची सुरक्षितता कुठे गेली?

बीजगणित_नापास

हा प्रश्न बिनतोड आहे, आणि आमच्यातले बरेच जण तो टाळतात.

विंडोजमधलं असंच एक भोक वापरायचं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने तयार करून जवळ ठेवलं होतं, इटर्नलब्लू. एप्रिल २०१७ मध्ये ते चव्हाट्यावर आलं आणि १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने त्याच्या जोरावर सुमारे दीडशे देशांत संगणक बंद पाडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांच्या हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिलेली होती, पण ती सगळ्यांनी बसवली होती थोडीच!

तरीही दोन वाईटांतलं कमी वाईट म्हणून मी भोकांच्याच बाजूने. भोक शोधायला मेहनत आणि पैसा लागतो, त्यामुळे यंत्रणा ते कोणावर वापरायचं याचा विचार करते. किल्ली फुकट असली की विचार करायचं कारणच उरत नाही.

टिंबटिंब

म्हणजे पोलिसांना मुद्दाम महाग पडावं, असं?

बीजगणित_नापास

होय. अगदी तेच म्हणतोय.

एक्स्चेंजवाली

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, कारण हा माझा प्रांत. अनेक वर्षं एका टेलिकॉम कंपनीत होते, त्यातली शेवटची काही कायदेशीर इंटरसेप्शनच्या, म्हणजे आदेशावरून फोन पाळतीवर टाकण्याच्या कामात. खोलीला खिडकी नव्हती. आदेशाचा कागद आला की मी त्याचा क्रमांक, मुदत आणि सही तपासायची, मग माझा पासवर्ड आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याचा पासवर्ड, दोन्ही पडल्याशिवाय नंबर पाळतीवर जात नसे. त्या कॉलची एक प्रत गुपचूप तपास यंत्रणेकडे जायची. कॉल आम्हाला ऐकू येत नसत. प्रत्येक कळ नोंदली जायची. मुदत संपल्यावर नंबर काढला का, हेही कोणीतरी पुन्हा तपासायचं. तेव्हा उंबरठा म्हणतात तशी काटेकोर व्यवस्था बनू शकते, यावर माझा विश्वास आहे. मी ती चालवलीय.

आणि तरीही माझं उत्तर 'नको' असं आहे. कारण अथेन्स.

२००४ च्या ऑलिम्पिकच्या सुमारास ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यावर शंभराहून जास्त फोन महिनोन् महिने चोरून ऐकले जात होते. त्यात खुद्द पंतप्रधान कोस्तास कारामानलिस होते, मंत्री होते, संरक्षण खात्यातले लोक होते. घुसखोरांनी स्वतःचं ऐकण्याचं यंत्र बनवलंच नाही! एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये कायदेशीर पाळतीसाठी जो भाग मुळातच होता, तोच त्यांनी जागा केला. मी वर सांगितलं ते आदेश-नोंदींचं वेगळं सॉफ्टवेअर त्या कंपनीने तेव्हा बसवलेलंच नव्हतं. म्हणजे तिजोरी होती, पण पहारेकऱ्याची वही नव्हती. कॉलची प्रत काही प्रीपेड मोबाइलवर जायची. बिंग फुटलं तेही अपघाताने, घुसखोरांच्याच बदलामुळे काही एसएमएस पोचेनासे झाले आणि त्याची चौकशी सुरू झाली.

ज्या दिवशी हे सविस्तर वाचलं त्या दिवशी मी त्या बिनखिडकीच्या खोलीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. मी समजत होते मी दाराची राखण करतेय. दार होतं म्हणून तर राखण लागत होती.

तर्कटराव

शेवटच्या दोन वाक्यांसाठी +१००.

त्यात भर. २०२४ मध्ये 'सॉल्ट टायफून' हे चीनशी संबंधित हॅकर अमेरिकेतल्या बड्या टेलिकॉम कंपन्यांत घुसल्याचं उघड झालं, आणि त्यांचे हात न्यायालयीन आदेशांनुसार पाळत ठेवण्याच्या व्यवस्थेपर्यंत पोचले होते. मग त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने बड्या पदांवरच्या लोकांना सल्ला काय दिला? एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन असलेलंच अ‍ॅप वापरा! ज्या कुलपाच्या नावाने वर्षानुवर्षं बोटं मोडली, तेच शेवटी स्वतःच्या दाराला लावायची वेळ आली.

उजवीकडून_दुसरा

चर्चा अगदी एकतर्फी चालली आहे, म्हणून लिहितो. तुमची सगळी उदाहरणे यंत्रणा चुकल्याची आहेत. जे हल्ले टळले त्यांची यादी छापून येत नसते. गुप्तचराचे यश म्हणजे काहीही न घडणे, आणि काहीही न घडल्याची बातमी होत नाही.

आणि यशाची उदाहरणेही आहेत. एफबीआयने 'अ‍ॅनॉम' नावाचे एन्क्रिप्टेड फोन गुन्हेगारी टोळ्यांत स्वतःच पसरवले. १२ हजारांवर उपकरणे, शंभराहून अधिक देश, सुमारे २ कोटी ७० लाख मेसेज वाचले आणि जून २०२१ मध्ये ८०० हून अधिक जणांना अटक झाली. त्या मेसेजांची गोपनीयता जपायला हवी होती का? उत्तर द्या.

बीजगणित_नापास

नव्हती जपायला हवी. उत्तम काम होतं ते. पण बघा ना, अ‍ॅनॉम तुमच्या-माझ्या फोनमध्ये कोणी घातलं नाही. खास गुन्हेगारांसाठी म्हणून विकलेला फोन, गुन्हेगारांनी विकत घेतला आणि ते फसले. म्हणजे जादा किल्लीशिवाय पोलीस इतकं करू शकतात. तुम्ही आमचाच मुद्दा मांडलात, धन्यवाद.

टळलेल्या हल्ल्यांबद्दल: एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये फोडलेल्या गुप्त गोष्टींत अमेरिकी नागरिकांच्या फोन कॉलच्या नोंदी सरसकट गोळा करण्याचा कार्यक्रम होता. जानेवारी २०१४ मध्ये सरकारच्याच स्वतंत्र देखरेख मंडळाने गुप्त कागद पाहून तो तपासला. दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात या कार्यक्रमामुळे ठोस फरक पडल्याचं एकही उदाहरण त्यांना मिळालं नाही. तेव्हा 'यादी छापून येत नाही' हे खरं असलं तरी यादी बघायची मुभा असलेल्यांनी बघितलेली आहे.

उजवीकडून_दुसरा

तो एका कार्यक्रमापुरता निष्कर्ष होता. सगळ्याच पाळतीला लावू नका. आणि मुळात ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, त्याने घाबरायचे कशाला?

भोचक_भवानी

आलं! 'लपवण्यासारखं काही नाही' आलं! मी वाटच बघत होते, इतका वेळ कसं आलं नाही म्हणून.

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही, पण या वाक्यावर गप्प बसवत नाही.

१९३० च्या दशकात नेदरलँड्समध्ये प्रत्येक रहिवाशाची नोंद असलेली उत्तम नागरी नोंदवही होती. कार्डावर नाव, पत्ता, जन्म आणि धर्म. धर्म का? तर कोणत्या पंथाचे किती लोक आहेत हे कळलं की नियोजन सोपं. कोणाचा हेतू वाईट नव्हता. कोणाकडे लपवण्यासारखंही काही नव्हतं. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं आणि ती कपाटं तयारच होती. देशात सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते, त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश मारले गेले. फ्रान्समध्ये हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होतं. फरकाची कारणं अनेक आहेत, सगळं खापर कार्डांवर फोडता येणार नाही. पण कार्डांचा वाटा मोठा होता.

२७ मार्च १९४३ च्या रात्री काही कलावंत आणि विद्यार्थी पोलिसांच्या गणवेशात ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले आणि त्यांनी ती कार्डं पेटवली. अग्निशमन दलातल्या काहींनी मुद्दाम उशिरा येऊन, आग विझल्यावरही पाणी मारत राहून उरलेल्या कार्डांचा लगदा केला, असं सांगतात. तरी बहुतेक कार्डं वाचली. पकडलेल्यांपैकी बारा जणांना गोळ्या घातल्या.

'लपवण्यासारखं काय' हे आपण ठरवत नसतो. पुढे कोण खुर्चीवर येईल तो ठरवतो.

उजवीकडून_दुसरा

उदाहरण भयंकर आहे, नाकारत नाही. पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या युद्धावरून आजच्या लोकशाहीत धोरण ठरवायचे का?

एक्स्चेंजवाली

मग जवळचं घ्या. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. गोपनीय कामाची परवानगी मिळवायला माणसाने स्वतः भरून दिलेले ते अर्ज: नातेवाईक, कर्ज, मानसिक आजार, सगळं. त्यात ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसे. सरकार वाईट नव्हतं, फक्त सांभाळता आलं नाही. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलून आणायचा? आणि चोरी कोणाची झाली, तर देशाची सुरक्षा बघणाऱ्यांचीच.

उजवीकडून_दुसरा

हा मुद्दा मान्य करावा लागेल.

टिंबटिंब

तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

रानवाट

थोडं अवांतर आहे, चालेल ना? खाकीकाकांचं वाचल्यापासून डोक्यात घोळतंय.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी गेला. अचानक. त्याचा फोन माझ्याकडे आहे, दर आठवड्याला चार्ज करते. त्याची जन्मतारीख, आईची, माझी, पहिल्या गाडीचा नंबर, सगळं टाकून झालंय. आता एका प्रयत्नानंतर तासभर थांबावं लागतं आणि पुढचा चुकला तर काय होईल या भीतीने मी हात लावत नाही. मला त्याची गुपितं नको आहेत. शेवटच्या सहलीचे फोटो हवे आहेत आणि तो आईला पाठवायचा ते आवाजी निरोप. सुरुवातीचा प्रश्न वाचला तेव्हा मी मनात 'हो, असावी किल्ली' म्हटलं होतं. सरकारकडे असली तरी.

एक्स्चेंजवाली

रानवाट, चार्ज करत राहा, पण पासकोडचे प्रयत्न आता खरंच थांबवा. फोनचा बॅकअप क्लाउडवर जात असेल तर वारसाने मृत्यूचा दाखला देऊन कंपनीकडे अर्ज करायची सोय असते, फोन न उघडताही फोटो मिळू शकतात. आवाजी निरोप तर आईच्या फोनमध्येही असतील. त्या फोनचा बॅकअप आजच्या आज घ्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

बीजगणित_नापास

बाकीच्यांनीही ऐका. अ‍ॅपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे, गुगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. पाच मिनिटांचं काम, आणि आपण कोणीच करत नाही.

तर्कटराव

आणि हीसुद्धा जादा किल्लीच झाली की! फरक एवढाच, की कोणाच्या हातात द्यायची ते मालक ठरवतो. उंबरठा, तुमच्या प्रस्तावात हाच निर्णय आधीच घेऊन टाकलेला आहे.

उडता_गालिचा

सगळ्या गंभीर प्रतिसादांत माझं हलकं घ्या. अमेरिकेच्या विमानतळावर सुरक्षा कर्मचाऱ्यांना प्रवाशांच्या बॅगा उघडता याव्यात म्हणून ठरावीक कुलपं असतात आणि त्या सगळ्यांच्या मास्टर किल्ल्या कर्मचाऱ्यांकडे. २०१४ मध्ये एका वर्तमानपत्रात त्या किल्ल्यांच्या जुडग्याचा सुरेख, स्वच्छ फोटो छापून आला. पुढच्या वर्षी लोकांनी फोटोवरून थ्रीडी प्रिंटरने किल्ल्या काढल्या आणि कुलपं उघडून व्हिडिओ टाकले. हॅकिंग नाही, फितुरी नाही. फोटोग्राफरने फोकस चांगला साधला, इतकंच.

माझ्या बॅगेला अजून तेच कुलूप आहे. शोभेचं.

भोचक_भवानी

हसून हसून पुरेवाट. न्यायालयाने किल्लीचा फोटो काढू देऊ नये असं धाग्यात नमूद करा.

उंबरठा

सगळं नीट वाचलं, काही दोनदा. सॅन बर्नार्डिनोचं ठरवायचं तर अ‍ॅपलने आदेश मानायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. निर्णय न्यायाधीशाने द्यावा, कंपनीच्या पत्रकाने नव्हे. पण सगळ्यांसाठी जादा किल्ली हा प्रस्ताव मागे घेतो. अथेन्सचं उत्तर माझ्याकडे नाही. 'न्यायालयाच्या ताब्यात' असं मी सहज लिहून गेलो, जणू न्यायालय म्हणजे एक कपाट आहे. प्रत्यक्षात ती कुठल्यातरी सर्व्हरवर असणार, आणि त्या सर्व्हरशेजारी कोणीतरी बिनखिडकीच्या खोलीत बसलेलं असणार.

खाकीसाहेबांच्या प्रश्नाला मात्र इथे कोणी उत्तर दिलेलं नाही. फॉरेन्सिकची रांग आठवड्यांची का असते, तिथे माणसं आणि साधनं का नाहीत, यावर वेगळा धागा काढतो.

खाकी_निवृत्त

काढा. त्या धाग्यावर मी रोज येईन.

एक सांगायचं राहिलं होतं. ती मुलगी सापडली तेव्हा पहिलं काय म्हणाली माहितेय? "माझा फोन कोणी उघडला?" मी सांगितलं, मी. ती काही बोलली नाही. तेव्हापासून मी स्वतःच्या फोनची काच झोपण्याआधी पुसतो.

टिंबटिंब

मीपण आत्ताच पुसली. रुमाल त्यासाठीच टाकला होता असं समजा.